सोयाबीन, उजेड आणि पांढरी चकती : प्रकल्पाच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. लातूर

यंत्र आलं. खोक्यात थर्माकोल जास्त, यंत्र कमी. हातातल्या बॅटरीएवढं, पुढे रुपयाएवढी काच, काचेमागे दोन बारीक बल्ब. सोबत डबीत एक गोल पांढरी चकती. आप्पा, म्हणजे आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष, दोन्ही बाजूंनी बघून म्हणाले, "एवढ्याशाला एवढे पैसे?" आतला डिटेक्टर महाग असतो, असं मी सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

काम काय ते आधी लिहून ठेवते. मागच्या सुगीत आमचा एक ट्रक खरेदीदाराच्या मीटरवर १४.५ टक्के ओल दाखवून गेला. निघताना आमच्या गोदामातल्या मीटरवर तोच माल १२.८ होता. खरं कुणाचं हे सांगायला तिसरा कुणी नव्हता, म्हणून कटती, म्हणजे ओलीपोटी कापलेले पैसे, निमूट सोसली. दोन्ही मीटर एकाच तत्त्वावरचे. पाणी विजेच्या क्षेत्राला कोरड्या दाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त प्रतिसाद देतं, त्यावरून ते ओल ठरवतात. दाणे कपात सैल पडले की दाबून, गरम होते की गार, यावर आकडा हलतो.

हे नवं यंत्र उजेडावर चालतं. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड दाण्यांवर टाकायचा आणि ९०० ते १७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींमधला कुठला रंग किती परत आला ते मोजायचं. (हा अदृश्य उजेड विल्यम हर्शलला १८०० साली सापडला, तोही प्रिझमच्या लाल पट्ट्याबाहेर ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढला म्हणून.) पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध १४५० च्या आसपास उजेड गिळतो. तेलातला कार्बन-हायड्रोजनचा १२१० जवळ. प्रथिनातला नायट्रोजन-हायड्रोजनचा १५०० च्या पुढेमागे. तेलाची आणखी एक ठळक खूण १७२५ ला आहे, पण आमचं यंत्र १७०० ला थांबतं. वेशीपर्यंत जाऊन गाव न बघता परतल्यासारखं. त्याच्या पुढचं यंत्र आप्पांना सांगायची माझी हिंमत नाही.

१० ऑक्टोबर

पहिलं सोयाबीन लावलं. आलेख बघून जरा हिरमुसले. पुस्तकातल्या चित्रासारखे सुळके नाहीतच, पाठ टेकून झोपलेल्या म्हशीसारखे दोन-तीन उंचवटे. १४५० चा तेवढा कुणालाही दिसेल असा. बाकी सगळं एकमेकांत मिसळलेलं, म्हणजे डोळ्यांनी वाचायची सोय नाही, गणितच लागणार.

१४ ऑक्टोबर

परवा दसरा झाला. वॉचमन मामांनी गोदामातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली: वजनकाटा, चाळणी, पोतं शिवायचं मशीन आणि हे नवीन यंत्र. यंत्राला फूल, चकतीला हळद-कुंकू. चकती म्हणजे या यंत्राचं शंभर टक्के. प्रत्येक मोजणीआधी ती दाखवायची, म्हणजे 'सगळा उजेड परत आला' याचा अर्थ काय ते यंत्राला कळतं. तिच्यावर हळदीचं बोट उमटलेलं बघून माझ्या पोटात गोळा आला.

मोजून बघितलं तर हळदीचा डाग जवळजवळ दिसेचना! विचार केल्यावर उलगडलं. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, आणि कर्क्युमिन गिळतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा उजेड. ९०० च्या पुढे त्याला रंगच नाही. आपल्याला पिवळीधमक वाटणारी चकती यंत्राला पांढरीच.

मग आलेखात १२१० ला खळगा दिसत होता तो कशाचा? मामांना विचारलं. "ताई, तुम्ही रागावताल म्हणून हळद काढायला बघितलं. पाण्यानं निघंना, मग जरा खोबरेल लावलं."

घोळ हळदीनं नाही, खोबरेलानं केला. तेल चकतीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलं आणि नेमक्या तेलाच्या खुणेवर उजेड खाऊ लागलं. अशी चकती शंभर टक्के धरली की पुढच्या प्रत्येक सोयाबीनमध्ये तेल कमी दिसणार. मामांचा यात काडीचा दोष नाही, हळद तेलानंच निघते हे आपल्या घरातलं ज्ञान आहे. चकती डबीत घालून कुलपात ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही.

उपाय मात्र अगदी गॅरेजमधला निघाला. ही चकती टेफ्लॉनच्याच कुळातली, आरपार एकाच मालाची. वरचा थर खराब झाला तर वाहत्या पाण्याखाली २२० नंबरच्या वॉटर पेपरवर घासायची. हार्डवेअरच्या दुकानातून पेपर आणला, नळाखाली गोल गोल घासली, वाळवली. खळगा गेला. वॉटर पेपर आता चकतीच्याच डबीत आहे.

१७ ऑक्टोबर

आता खरं काम. यंत्राला ओल माहीत नसते, त्याला फक्त उजेड माहीत. अमुक उजेड म्हणजे १३ टक्के हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे ओव्हन. दाणे जाडसर भरडायचे, डिशमध्ये पाच ग्रॅम तोलायचे, १०३ अंशावर तीन तास, डेसिकेटरमध्ये (ओल शिरू न देणारं बंद भांडं) थंड करून वजन, परत तासभर, परत वजन. हलेना झालं की थांबायचं.

आजचा पहिला नमुना, औशाकडचा, जेएस ३३५ वाणाचा. घेतले ५.०१२ ग्रॅम, घट ०.६८७. भागाकार १३.७ टक्के. हिशेब तपासायला बसलेल्या आमच्या अकाउंटंट दादांनी घट कोरड्या वजनानं भागली आणि १५.९ काढले. दोन्ही बरोबर! ओल्या वजनावर १३.७, कोरड्या वजनावर १५.९. बाजार ओल्या वजनावर बोलतो. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं, कारण असला घोळ भांडणात कुणीही मुद्दाम घालू शकतो.

कटतीचा हिशेबही एकदाचा मांडला. १३.७ टक्के ओलीच्या क्विंटलमध्ये कोरडा माल ८६.३ किलो. तो १२ टक्क्यांवर आणला की ८६.३ भागिले ०.८८, म्हणजे ९८.०७ किलो. घट १.९३ किलो. या वर्षीच्या ४,८९२ रुपये हमीभावानं क्विंटलमागे साधारण ९४ रुपये. याच्या वर कापलं तर ते पाण्याचे पैसे नव्हेत.

१९ ऑक्टोबर

ओव्हन लावून दोन तास झाले आणि लाईट गेली. इन्व्हर्टर ओव्हन ओढत नाही. दीड तासानं आली. तोवर ओव्हन कोमट, बाहेर परतीच्या पावसाची दमट हवा. वजन कमी व्हायचं सोडून ८ मिलिग्रॅमनं वाढलं होतं, कोरड्या भरड्यानं हवेतली ओल परत ओढून घेतली. परत लावलं, रात्री साडेअकराला हलेना झालं. डेसिकेटरमधली निळी खडी गुलाबी पडली आहे, तव्यावर भाजून निळी करायला हवी.

२४ ऑक्टोबर

४६ पोती, ४६ नमुने. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर. प्रत्येकाच्या पाच मोजण्या, एकूण २३०. फुले संगमचे दाणे टपोरे, जेएस ३३५ चे बारीक. दाण्याच्या आकारानं उजेड वेगळा विखुरतो आणि आलेख अख्खाच वर-खाली सरकतो. त्यावर प्रत्येक आलेखाची स्वतःची सरासरी वजा करायची आणि त्याच्याच पसाऱ्यानं भागायचं. सरकलेले आलेख कवायतीतल्या पोरांसारखे एका रांगेत आले. बघत बसावंसं वाटलं.

मग गणित. २३० मधल्या १८० मोजण्या शिकवायला, ५० परीक्षेला, चिठ्ठ्या टाकून. सरासरी चूक ०.२ टक्का. आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, "पेढे आणू का?" मी नको म्हटलं, पण मनातून हो.

२८ ऑक्टोबर

पेढे आणले नाहीत ते बरं झालं.

रात्री झोप येईना. ओव्हनच्याच दोन डिशमध्ये ०.२ चा फरक पडतो, मग ओव्हनकडून शिकलेलं यंत्र ओव्हनइतकं अचूक कसं? उठून यादी बघितली. एका पोत्याच्या पाच मोजण्यांपैकी चार शिकवणीत आणि पाचवी परीक्षेत गेली होती. यंत्रानं ओल ओळखलीच नव्हती, पोतं ओळखलं होतं. परीक्षेचा पेपर आदल्या रात्री फुटलेला.

आता पोत्यावार वाटणी केली. एका पोत्याच्या पाचही मोजण्या एकतर शिकवणीत नाहीतर परीक्षेत. चूक ०.९ वर गेली. खरा आकडा हा. १२ आणि १३ मधला झगडा सोडवायला हा चालत नाही.

दुसरी खोट माझीच. ओलसर माल कमी पडला म्हणून मी काही नमुन्यांवर पाणी शिंपडून लगेच मोजलं होतं. सालीवर बसलेलं पाणी आणि दाण्यात मुरलेलं पाणी यंत्राला सारखं दिसत नाही, ते वरचंच बघून भरपूर ओल सांगतं. ते नमुने टाकून दिले. आता पाणी घालून बरणी घट्ट बंद, फ्रीजमध्ये चार दिवस, रोज एकदा हलवायची. फ्रीज घरचा. आईचं म्हणणं, लोणच्याशेजारी सोयाबीन कशाला.

तेल ओळखायचं गणित बसलंच नाही. माल सगळा एकाच पट्ट्यातला, दोन-तीन वाणांचा. तेलात एकमेकांपासून फरक इतका थोडा की शिकायला काही नाही. तूर्त सोडलं. आडतीत तेलावर भाव देतंय तरी कोण!

९ नोव्हेंबर, जालना

दिवाळीनंतर मावशीकडे आले होते. कॉलेजमधला एक मित्र इथल्या एका सळईच्या कारखान्यात केमिस्ट आहे. म्हणाला, "तुझं यंत्र उजेड बघतंय ना, आमचंबी तेच. ये बघायला."

इंडक्शन भट्टीतून लांब दांड्याच्या पळीनं रस काढला, साच्यात ओतला. लालबुंद चकती पाण्यात चर्र करून विझवली, ग्राइंडरवर एक बाजू लख्ख केली आणि 'स्पेक्ट्रो'वर उलटी ठेवली. कळ दाबली, टर्रर आवाज, वीसेक सेकंद. पडद्यावर कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस ओळीनं. इथे उजेड बाहेरून टाकत नाहीत. ठिणगीनं लोखंडाची वाफ करतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगात चमकतं. कार्बनची रेघ १९३ नॅनोमीटरला. तिथला उजेड हवेतला ऑक्सिजनच खाऊन टाकतो, म्हणून ठिणगीच्या जागी आर्गॉन भरायचा.

त्यानं चकतीवरचे ठिणगीचे दोन डाग दाखवले. एकाच्या मधोमध चांदीसारखा खड्डा आणि भोवती काळं कडं. दुसरा पांढुरका, पसरट. "ह्यो दुसरा आर्गॉन गळत असताना मारलेला. आकडा पडद्यावर आलाच होता, दशांशासकट. पण खोटा." फे ५०० डी या दर्जाच्या सळईत कार्बन ०.२५ टक्क्याच्या आत लागतो. फॉस्फरस ०.०४० च्या आत, आणि तो या भट्टीत काढता येत नाही. भंगारातून आला की आला. खोट्या आकड्यावर अख्खी हीट, म्हणजे भट्टीभर रस, ओतली तर निस्तरायला जागा नसते.

त्याच्या टेबलाच्या खणात एक चकती, सोबत प्रमाणपत्र. रोज शिफ्टच्या सुरुवातीला आधी ही, मग भट्टीतला माल. चकतीवर भाकरीवर पडतात तसे डागच डाग. "मी मशीनवर भरवसा ठेवत नसतो, ह्या चकतीवर ठेवतो."

परतीच्या एसटीत हेच डोक्यात. माझ्याकडे अशी चकती कुठंय? पांढरी आहे, पण ती उजेडाची. ओलीची नाही. सोयाबीनच्या तीन बरण्या भरून ठेवायच्या ठरवल्या: कोरडी, मधली, ओलसर. पण लोखंड खणात वर्षभर पडलं तरी कार्बन तोच राहतो. दाणा जिवंत, तो श्वास घेतो, बरणी उघडली की ओल सोडतो. माझं प्रमाणपत्र दर आठवड्याला ओव्हनमध्ये परत काढावं लागणार.

१८ नोव्हेंबर

केंद्रानं या हंगामापुरती हमीभाव खरेदीला १५ टक्क्यांपर्यंत ओल चालेल असं जाहीर केलं. सकाळपासून फोन. "ताई, आता कशाला मोजायलाव?" उलट आता १४.५ आणि १५.५ चं भांडण होणार. माझे नमुने मात्र बहुतेक ११ ते १४ मधले. वर शिकवलेलंच नाही, तिथे यंत्र अंदाजपंचे बोलेल. फ्रीजमधल्या बरण्या काढल्या, आणखी बारा नमुने केले, १७ पर्यंत.

४ डिसेंबर

थंडी. सकाळी गोदामात थर्मामीटर १४ वर. तीन बरण्यांची रोजची तपासणी तिन्हीवर अर्ध्या टक्क्यानं चुकली, एकाच बाजूला. दुपारी दोनला त्याच सीलबंद बरण्या बरोबर. पाण्याचे रेणू थंडीत एकमेकांना जास्त घट्ट धरतात, त्यानं १४५० चा उंचवटा किंचित लांब लहरीकडे सरकतो. यंत्राला ते ओलीसारखं वाटतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात शिकलेल्याला डिसेंबरची सकाळ कशी कळावी?

आता तेच नमुने सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा मोजून शिकवणीत घातले. बरण्या नसत्या तर हे महिनाभर कळलं नसतं.

१३ डिसेंबर

विषयांतर, पण लिहून ठेवते. वसमतची एक मैत्रीण हळदीच्या तीन पुड्या घेऊन आली. "तुझ्या यंत्रावर शिसं कळेल का?" पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला रंग, मिसळण्याची भीती. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिकडे सगळे नावाला जपतात. माझं यंत्र यात आंधळं. त्याला हायड्रोजनचे बंध दिसतात आणि लेड क्रोमेटमध्ये हायड्रोजनच नाही. हळदीतली ओल, पिठूळपणा दिसला, बाकी काही नाही.

शिशाला क्ष-किरण लागतात. माल क्ष-किरणांनी डिवचला की प्रत्येक धातू स्वतःचे ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतो. सराफाकडचं कॅरेट मशीन तेच करतं. मैत्रीण हट्टाला पेटली, गेलो. सराफ काका आधी नाहीच म्हणाले ("हळद? ह्याच्यावर?"), मग पुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू दिली. पडद्यावर आलं: सोनं ०, बाकी तांबं आणि जस्त मिळून बरोबर शंभर. हळद म्हणजे पितळ! त्या मशीनला सोन्याचे मिश्रधातूच शिकवलेत. जे ठेवाल ते त्याच चार-पाच धातूंत वाटून शंभर भरतं. काका इतके हसले की चहा पाजला.

पुड्या तिनं रीतसर प्रयोगशाळेत पाठवल्या. शिशाची एक ठळक रेघ आणि आर्सेनिकची एक रेघ जवळजवळ एकावर एक बसते (१०.५५ आणि १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट), तेव्हा शिसं १२.६ च्या रेघेवरून बघायला सांग, एवढं मी तिला कागदावर लिहून दिलं.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. लातुरात शुकशुकाट, सगळे शेतात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. ओव्हन बंद.

६ जानेवारी २०२५

गेल्या आठवड्यात नवी २० पोती, यंत्रानं कधी न बघितलेली. आधी यंत्राचा आकडा वहीत, वही आप्पांकडे, मग ओव्हन. १८ पोती अर्ध्या टक्क्याच्या आत. दोन सपशेल चुकली, एक १.४ नं, एक १.९ नं. दोन्ही डागी, सप्टेंबरच्या पावसात शेंगेतच काळवंडलेली. तसा माल शिकवणीत एकही नव्हता, कारण नमुने निवडताना मीच चांगला दाणा उचलला. हात आपोआप तिकडे जातो. आता डागी माल वेगळा गोळा करायचा. तोवर यंत्रावर पुठ्ठा चिकटवला आहे: 'डागी माल मोजू नये.'

दुपारी चाकूरकडचे एक काका आले. पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा बरं ह्येचं." पाच ठिकाणी यंत्र लावलं, १२.६.

"पक्कं?"

"अर्धा इकडं-तिकडं. पक्कं ओव्हन सांगेल, पण त्याला रात्र होईल."

"मग थांबतो की. गाडी उद्याची हाय."

सव्वासात. डिश क्रमांक ७, भरडा ५.००३ ग्रॅम. ओव्हन १०३ वर. काका बाहेर मामांजवळ शेकोटीला बसलेत. लाईट आहे.